खेपा

नाताळच्या सुट्टीत वर्गातली अर्धी पोरं गोव्याला.
आमच्या घरी एक एम-एटी, माणसं पाच,
आणि फौंड्री बंद असलेला एकच सोमवार.
आप्पांनी पाटीवर गणित मांडावं तसं सांगितलं :
पहिल्या खेपेला आई, दिग्या, डबे.
दुसरीला मोठी आणि हौसा.
पन्हाळा काय पळून जात न्हाई.

म्हणून सकाळी सातला आम्ही दोघी शिवाजी पुलावर.
पंचगंगा दिसतच नव्हती,
फक्त धुक्याच्या आत कुणीतरी धुणं आपटत होतं.
उसाचे ट्रॅक्टर बावड्याकडं चाललेले,
मागं लाल फडकं, टेपवर गाणी एवढी मोठी
की कठड्याला टेकलेली पाठ थरथरायची.
हौसाआत्यानं पळत जाऊन एक ऊस ओढला.
तीस वर्षांची बाई, पदर कमरेला,
दातानं सोलून मला दिला.
"दीड तास लागंल आप्पांना," मी म्हटलं.
"लागू दे. वाट बघायचा मला सराव हाय."

निपाणीहून तिला न्यायला कोणीतरी येणार होतं.
दोन दिवाळ्या झाल्या, आलं नव्हतं.
हा विषय आमच्यात जेवताना काढत नसत.
बाकीच्या वेळी काढत.

वर पोचलो तेव्हा दिग्याचं भडंग संपलेलं,
आई सज्जाकोठीच्या पायरीवर उन्हाचा तुकडा धरून बसलेली,
उठलं तर दुसरं कुणी घेईल म्हणून.
पाचजण एकत्र होतो तो वेळ मी नंतर मोजला.
सहा-सात तास,
त्यातले दोन आप्पा झोपलेले, तोंडावर टोपी,
बोटांच्या पेरांत फौंड्रीची काळी वाळू.
दशम्या, खर्डा, ताकाची किटली.
तीन दरवाज्यात दिग्यानं आरोळी ठोकली
आणि आपलाच आवाज परत आला म्हणून रडला.
आत्या तटावर उभी राहून
लांबचे धूर ओळखून दाखवत होती :
ह्यो कुंभी, ह्यो बावडा, त्यो वारणेचा.
निपाणी कुठल्या अंगाला, ते तिनं विचारलं नाही.

पाचला मी कुडकुडायला लागले.
"पोरांस्नी ने आधी," ती म्हणाली, "मी बसते."
चौघं एका गाडीवर.
दिग्या पुढं उभा, मी आईआप्पांच्या मधे दाबलेली,
वळणावर मागं बघितलं
तर हौसाआत्या चहाच्या गाड्यापाशी.
हात हलवला नाही तिनं. केस बांधत होती.

आप्पा आम्हाला दारात सोडून
पाणीही न पिता परत गेले.

सातच्या बातम्या लागल्या आणि आत्या आली.
एकटी.
केसांत पाचट, चपला हातात, बगलेत चार ऊस.
वाघबीळपर्यंत चालत,
पुढं ट्रॅक्टरवर, बीडकडच्या ऊसतोडीच्या बायकांत बसून.
"त्यांनी भाकरी दिली मला. गार हुती. लई चांगली हुती."
आईच्या हातातलं फुंकणं तसंच राहिलं.
"अगं, आणि हे?"
"दिसला की केर्लीत. हाक मारली मी.
गाण्यात ऐकू जाईना त्याला."

मग बंबाचं पाणी काढून ती पाय शेकत बसली.
आई दर पाच मिनिटांनी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येत होती.

पावणेनऊला एम-एटी वाजली.
चहावाल्याला, चौकीला, शाळेच्या सहलीच्या मास्तरांना,
सगळ्यांना विचारून झालं होतं त्यांचं.
तटावरून खाली बॅटरी मारून बघितलं होतं,
हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं.
त्या रात्री त्यांनी फक्त
एक चप्पल काढली
आणि दुसरी पायात तशीच ठेवून उंबऱ्यावर बसले.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
"थंडी वाजली न्हाई व्हय गं, ट्रॅक्टरवर?"

"वाजली की," आत्या म्हणाली,
आणि बुडख्याकडचं गोड कांडं सोलून
त्यांच्या ताटात ठेवलं.